काल घरी काय शिजलं?

आमच्या घरी कोणी आलं की माझी माय सगळ्यात आधी चुलीवरच्या भांड्यावर झाकण ठेवायची. पाहुणा दारात चपला काढत असो की पाणी मागत असो, आधी झाकण, मग पाणी. भांड्यात काही पक्वान्नं शिजत होती असं नाही. मलकापूरच्या बाहेर, रेल्वेच्या रुळांना लागून आमचा भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, आंबाडी, उन्हाळ्यात काकड्या. बाप पाणी धरायचा, माय टोपली घेऊन बाजारात बसायची, आणि बाजारात जे खपलं नाही ते संध्याकाळी आमच्या ताटात यायचं. वांगं किडकं निघालं तर किडका भाग कापून फेकायचा आणि उरलेलं तुराट्यांच्या जाळावर भाजून भरीत करायचं. त्यावर कच्चं तेल, सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा आणि ज्वारी-उडीद एकत्र दळलेली कळण्याची भाकर. आता दात मोजकेच उरलेत, तरी त्या भाकरीचं नाव काढलं की तोंडाला पाणी सुटतं. पण हे सगळं बाहेर सांगायचं नाही असा मायचा हुकूम होता. "घरात काय शिजलं थे घरात. गिऱ्हाइकाले समजलं का आपुन उरलेलं खातो, त थे म्हनन या बाईच्या टोपलीत बी उरलेलंच असते." शेजारीण साखर मागायला येऊन विचारेल, शाळेतल्या बाई लाडानं विचारतील, कोणालाच सांगायचं नाही. फारच कोणी खोदलं तर मान खाली घालून पायाच्या अंगठ्याकडं पाहत उभं राहायचं, विचारणारा कंटाळून निघून जातो. हे मला बाराखडीच्या आधी येत होतं.

बापाची तऱ्हा आणखी वेगळी. संध्याकाळी विहिरीवरच्या मोटरीचा फ्यूज काढून तो बंडीच्या खिशात घालायचा आणि झोपायचा, म्हणजे आपल्या मागं कोणी आपली मोटर चालवायला नको. रेडिओवर बातम्या लागल्या की मधूनच "खोटं" म्हणायचा आणि तरी पूर्ण ऐकायचा. रुळावरून गाडी धडधडत गेली की आमच्या घरातली जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, ताटं वाजायची. ती नेहमीपेक्षा उशिरा वाजली तर बाप अंथरुणात उठून बसायचा. "आज काऊन उशीर झाला इले? कायतरी हाये." गाडीवरसुद्धा संशय! लोक म्हणतात अमक्याच्या रक्तात दुधाबरोबर हे आलं, ते आलं. आमच्याकडं दूध मायनं बोट बुडवून पाहिल्याशिवाय कोणाला मिळायचं नाही, तेव्हा काय काय आलं असेल ते समजून घ्या.

अशा घरातली पोरगी मास्तरीण व्हायला निघाली. बारावीनंतर चिखलीच्या अध्यापक विद्यालयात माझा डी.एड.ला नंबर लागला, तेव्हा बाप दोन दिवस प्रवेशाचं पत्र उलटंसुलटं करून पाहत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "सरकार फुकट मास्तर काऊन बनवीन? यात कायतरी मेख हाये." दरम्यान मामानं साखरखेर्ड्याचं एक स्थळ आणून ठेवलं होतं. मोठं खटलं, बागायती शेती, पोरगा एकुलता एक. बापाला तेही पटेना. एवढं चांगलं स्थळ आपल्या दारात आलं म्हणजे पोरात खोट असणार. शेवटी दोन्हीकडच्या संशयाचं वजन करून त्यानं निकाल दिला. "डी.एड. पास झाली त तुह्या मनानं कर. वार्षिक पाठात आपटली, त मंग साखरखेर्डा." आणि मी बापाला चांगली ओळखत होते. तो म्हणाला ते करणार.

वार्षिक पाठ म्हणजे काय ते सांगते. शिक्षक व्हायचं तर पुस्तकातली परीक्षा द्यावी लागतेच, पण खरी परीक्षा वर्गात असते. बाहेरून एक परीक्षक येतो, मागच्या बाकावर बसतो, आणि तुम्ही पोरांना एक तास शिकवायचं. पोरं बोलली तर तुम्ही तरलात. पोरं मुकी बसली तर तुम्हाला कितीही येत असलं तरी त्याला कोणी विचारत नाही. त्याची तयारी म्हणून आम्हा पाच पोरींना चिखलीपासून जीपनं जावं लागेल अशा एका गावात महिनाभर ठेवलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही, त्या गावाला माझ्यामुळं बोल लागायला नको. शाळेच्याच एका खोलीत आम्ही राहायचो, स्टोव्हवर शिजवायचो, आणि दिवसा शिकवायचो. गाव आम्हाला 'कॉलेजच्या बाया' म्हणायचं. आम्ही साडी नेसून, पदराला पिन लावून, एकमेकींना 'बाई' म्हणत फिरायचो.

आमच्यावर देखरेखीला लिमये मॅडम होत्या. पुण्याकडच्या. बारीक किनारीची सुती साडी, डोळ्यांवर चष्मा, आणि कोणी 'मले' म्हटलं की चेहऱ्यावर अशी कळ, जशी काही चपलेत खडा गेला. "मला. मला म्हणा. शिक्षिकेच्या तोंडी मले शोभत नाही." मी मनात म्हणायची, मले शोभते. पण तोंडानं 'मला' म्हणायला शिकले, आणि आता इतकी वर्षं तसंच बोलते, लिहिते. राग आला की मात्र अजूनही वऱ्हाडीच बाहेर पडते. तशा मॅडम वाईट होत्या असं नाही. जीव तोडून शिकवायच्या. शिक्षकानं वेळेवर यावं, पोराच्या जातीपातीवर बोलू नये, कोणाच्या घराला नावं ठेवू नयेत, हे त्यांनी आमच्या डोक्यात असं बसवलं की आजही निघालं नाही. एकदा त्यांनी सांगितलं, "वर्गात निरनिराळ्या घरांतून, निरनिराळ्या भाषा बोलणारी मुलं येतात. वर्ग म्हणजे बाग आहे. प्रत्येक फूल वेगळं, पण बाग एक." सगळ्यांनी लिहून घेतलं. मी नाही लिहिलं. मी मळ्यातली. पाणी कोणाच्या वाफ्याला आधी जातं आणि कोणाचा वाफा शेवटपर्यंत कोरडा राहतो, हे मला ठाऊक होतं, तेव्हा बागेचं मला कोणी सांगू नये.

त्या शाळेची चौथी तशीच होती. पुढं गावातली शेतकऱ्यांची पोरं. खिडकीकडं मुसलमान मोहल्ल्यातली तीन-चार, आपसात हिंदी बोलणारी. आणि मागं, दाराजवळ, गावाबाहेरच्या पारधी वस्तीवरची सहा पोरं. ती आपसात काय बोलायची ते वर्गात कोणालाच कळायचं नाही. त्यांच्यात एक बिजली नावाची मुलगी होती. केस तांबूस, डोळे मोठे, आणि ते डोळे सतत दारावर. इतर पोरं फळ्याकडं पाहतात, ही दाराकडं पाहायची. मला पहिल्याच दिवशी वाटलं, ही पोट्टी आपल्यासारखी आहे.

मला परिसर अभ्यासातला 'आपला आहार' हा पाठ आला होता. मॅडमनी शिकवलेलं सूत्र होतं, ज्ञाताकडून अज्ञाताकडं. म्हणजे पोराला जे ठाऊक आहे तिथून सुरुवात करायची, त्याच्या घरापासून. पहिला प्रश्न त्यांनीच माझ्या टाचणावर, म्हणजे पाठाच्या आराखड्यावर, लाल शाईनं लिहून दिला: काल रात्री तुमच्या घरी काय शिजलं होतं? मी हसत हसत, गोड आवाजात विचारलं. पुढची पोरं ओरडली, वरण! झुणका! मोहल्ल्यातला एक म्हणाला, खिचडा. मी मागं गेले, बिजलीसमोर वाकून पुन्हा विचारलं. तिनं मान खाली घातली. तिच्या शेजारच्यानं घातली. सहाही माना खाली, जणू कोणी दोरी ओढली. मग हळूहळू पुढची पोरंही गप्प झाली, कारण वर्ग असाच असतो, एका कोपऱ्यातली चुप्पी सगळीकडं पसरते. पुढचा सगळा तास मी एकटीच बोलत होते. मॅडमनी शेवटी शेरा मारला, 'विद्यार्थ्यांचा सहभाग नाही.' चार दिवसांनी पुन्हा तोच पाठ घेतला, पुन्हा तसंच. मॅडम म्हणाल्या, "असंच राहिलं तर वार्षिक पाठात मी काहीही करू शकणार नाही." मला साखरखेर्ड्याचा तो बागायती मळा समोर दिसायला लागला.

माझं डोकं लगेच घरच्या रस्त्यानं धावलं. कोणीतरी पोरांना फितवलंय. कोण? माझा संशय नसरीनवर गेला. नसरीन आमच्याच पाचांतली, शेगावकडची, माझ्याच वर्गावर गणित घ्यायची. तिच्या तासाला मी खिडकीबाहेर उभी राहून ऐकलं, तर तीच सहा पोरं खडाखडा पाढे म्हणत होती! बिजली तर हात वर करकरून उड्या मारत होती. मी संध्याकाळी नसरीनला स्टोव्हजवळ गाठलं.

"काय देते तू त्या पोट्ट्याइले? बोरं देते का गोळ्या?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मला वेड लागलं होतं. "अगं मैं क्या देऊँ? मेरे खुद के पास नहीं. मैं तो गणित पूछती ना. सात पाँचे. उसमें उनका क्या जातंय?"

तिचं ते हिंदी-मराठी मिसळलेलं बोलणं ऐकून माझा संशय गेला नाही, पण तो मध्येच अडकला. सात पाँचे, उसमें उनका क्या जातंय. मग माझ्या प्रश्नात त्यांचं काय जातं?

त्याचं उत्तर दुसऱ्याच दिवशी मोटारसायकलवर बसून आलं. मधली सुट्टी होती, पोरं ओसरीत रांगेनं शाळेत मिळालेली सुकडी खात होती, मी डब्यातली आंबाडीची भाजी घेऊन खांबाला टेकले होते. एक पोलीस जमादार फाटकापाशी थांबला. गाडी बंद केली नाही, पाय टेकवून तसाच. पोरांकडं पाहून हसला, आणि अगदी लाडानं, माझ्यासारखंच थोडं वाकून म्हणाला, "काय बे पोट्ट्याहो, काल राती काय शिजलं घरी?" त्या सहा पोरांचे घास हातात राहिले. सहाही माना खाली गेल्या, सहाही जणांनी आपापल्या पायाच्या अंगठ्याकडं पाहिलं. जमादार थोडा वेळ थांबला, कंटाळला, निघून गेला.

शब्दसुद्धा तेच होते माझे! शाळेचा शिपाई गणपत सुकडीचं घमेलं धूत होता. मी त्याला विचारलं, हे काय आहे?

"रोजचंच हाये बाई थे," तो म्हणाला. "गावात कोनाची कोंबडी गेली, बकरी गेली, का पयले वस्तीवर जातात. मोठे मानसं काय सांगतात? म्हनून मंग पोट्ट्याइले इचारतात. पोट्ट्याच्या तोंडून निंघालं कोंबडी, का बाप पोलिसाच्या गाडीत. मंग थे कोंबडी घरची का असेना."

मी डबा बंद केला. खरं सांगते, मला त्या क्षणी त्या पोरांची दया आली नाही, मला त्यांची ओळख पटली. ही माझ्या मायची पोरं होती. आमच्या झाकणाखाली फार तर किडकं वांगं होतं आणि त्यांच्या झाकणाखाली बाप होता, एवढाच काय तो फरक. आणि मी काय केलं होतं? साडीला पिन लावून, गोड हसून, दोनदा त्यांच्यासमोर वाकून तेच विचारलं होतं. त्यांनी मला पोलिसातली बाई समजलं असेल तर ती पोरं हुशार होती असंच मी म्हणेन. संशयी माणसाला संशयी माणूस बरोबर ओळखू येतो, हा माझ्या घरानं मला दिलेला एकमेव हुंडा, आणि तो कुठल्याच टाचणात नव्हता.

मॅडमना मी हे सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला. मग म्हणाल्या, "हे मला कोणी सांगितलं नव्हतं." मला वाटलं, आता प्रश्न खोडतील. त्यांनी खोडला नाही. म्हणाल्या, "परीक्षकांना घरापासून सुरुवात लागतेच. काय करायचं ते तू ठरव." हे त्यांनी माझ्यावर विश्वास टाकून म्हटलं की आपली मान सोडवून घेतली, मी अजून ठरवू शकले नाही.

पुढच्या तासाला मी फळ्याकडं गेलेच नाही. खाली सतरंजीवर बसले आणि म्हटलं, आज मी काही विचारणार नाही, तुम्ही मला विचारा. पोरं एकमेकांकडं पाहायला लागली. बाईला काय विचारायचं असतं? मग मीच सुरू केलं. आमचा मळा, रेल्वेचे रूळ, माय बाजारात बसते, जे खपत नाही ते आम्ही खातो. जन्मात पहिल्यांदा मी मायचं झाकण उघडलं, आणि तेही भर वर्गात. मला वाटत होतं, मी चोरीच कबूल करतेय. पोरं ऐकत होती. मागून एक बारीक आवाज आला.

"किडकं बी खाता?"

बिजली होती. मी म्हटलं, "किडकं बी. कापून."

"आन् अळी ऱ्हायली तर?"

"त थेबी खपते."

वर्गात असा हशा उठला की शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावून गेले. मग बिजलीच बोलली, मी न विचारता. त्यांच्याकडं एक कोंबडी होती, लालकी. पिल्लू असताना घारीनं उचललं होतं आणि वरून टाकलं होतं, ते हिनं वाढवलं. तिच्या पायाला निळी चिंधी बांधली होती, ओळखू यावी म्हणून, म्हणजे कोणी दुसऱ्याची म्हणायला नको. "तिला खायाचं न्हाई," बिजली म्हणाली, "ती माझी हाय." हे सांगताना ती पहिल्यांदाच दाराकडं न पाहता माझ्याकडं पाहत होती. मला इतका आनंद झाला की रडू आलं. फळा पुसायचं निमित्त करून मी उठले आणि पाठ फिरवली.

वार्षिक पाठाच्या आदल्या दिवशी दुपारच्या एसटीनं परीक्षक साहेब आले. पांढरा सफारी, हातात कातडी बॅग. त्यांची उतरण्याची सोय हेडमास्तरांकडं, शाळेच्या मागच्याच घरात. परीक्षक आला की पाहुणचार करायचा ही रीतच होती, कोणी तोंडानं म्हणत नसे, पण सगळ्या कॉलेजांना ठाऊक. आम्हा पाच पोरींना स्वयंपाकाला बोलावलं. मी पाट्यावर मसाला वाटत होते, खोबरं, कांदा, खसखस, तेवढ्यात गणपत शिपाई दोन कोंबड्या उलट्या धरून आला. एकीच्या पायाला निळी चिंधी होती.

वरवंटा माझ्या हातात थांबला. "कोठून आनल्या?"

"वस्तीवरून."

"इकत का तशाच?"

"साहेबाच्या नावानं आनल्या," गणपत म्हणाला आणि सुरीला धार लावायला बसला. "पाव्हनचाराचं इचारायचं नसते बाई."

मी हेडमास्तरांकडं गेले. ते ओट्यावर बसून परीक्षकांशी कापसाच्या भावाबद्दल बोलत होते. माझ्याकडं त्यांनी असं पाहिलं की पुढं पाऊलच पडेना. उद्याचे गुण त्या सफारीच्या खिशात होते. मी दारातून परत फिरले आणि मसाला वाटायला बसले. नसरीन म्हणाली, "मैं तो नहीं खाती, मेरे को चलता नहीं," आणि तिनं आपल्यापुरता कांदा परतून घेतला. रस्सा उत्तम झाला होता, वास गल्लीपर्यंत गेला. मी वाढला. मी खाल्ला की नाही ते सांगणार नाही. घरात काय शिजलं ते घरात.

सकाळी हेडमास्तरांनी मला बाजूला घेतलं. "वस्तीवरच्या पोरांना आज सुट्टी देऊ. पाचवीतली हुशार पोरं बसवतो त्या जागी. सगळेच करतात." खोटं नव्हतं ते, सगळेच करत. पण मला उसनी पोरं नको होती. त्यांचा मला भरवसा नव्हता, आणि बिजली आज शाळेत आली नाही तर ती कुठं असेल, काय पाहत असेल, हा विचार मला सहन होईना. मी म्हटलं, माझाच वर्ग पाहिजे. ते म्हणाले, "मग आपटलीस तर माझं नाव काढू नको." मी म्हटलं, नाही काढत.

बिजली आली. डोळे सुजलेले, केस विंचरलेले, दाराजवळ आपल्या जागी बसली. परीक्षक मागच्या बाकावर, म्हणजे तिच्यापासून हातभर. शेजारी मॅडम. हेडमास्तर खिडकीत. मी सतरंजीवर बसले नाही, परीक्षेत ते चालत नाही, पण फळ्याला पाठ करून म्हटलं, "आज पण तुम्हीच विचारायचं. घरी काय शिजतं, कोण शिजवतं, कोणालाही विचारा." कोणालाही, हा शब्द माझ्या तोंडून कसा गेला देव जाणे. पुढच्या पोरांनी मला विचारलं, मोहल्ल्यातल्या सलीमला विचारलं, शेवयांचं निघालं, ज्वारी-बाजरीचं निघालं, फळा भरायला लागला. पोरं बोलत होती. परीक्षक लिहीत होते. मला वाटलं, तरले.

तेवढ्यात बिजली उठली. हात वर न करता, मान वळवून तिनं थेट मागच्या बाकाकडं पाहिलं.

"सायेब, काल तुम्ही काय खाल्लं?"

सगळा वर्ग त्यांच्याकडं वळला. परीक्षकांचा पेन थांबला. त्यांनी हेडमास्तरांकडं पाहिलं, हेडमास्तर खिडकीतून बाहेरचं लिंबाचं झाड पाहायला लागले. मॅडम माझ्याकडं पाहत होत्या. मी काही करू शकत होते, विषय बदलू शकत होते, ते सगळं शिकवलं होतं आम्हाला, पण मीही वर्गाबरोबर त्यांच्याकडंच पाहत राहिले. परीक्षकांना खोटंही बोलता आलं असतं, वरण-भात म्हटलं असतं तरी झालं असतं. नाही बोलले. चांगला पन्नाशीचा माणूस, मान खाली घालून आपल्या बुटाच्या टोकाकडं पाहत बसला.

बिजलीनं थोडा वेळ वाट पाहिली. मग अगदी हळू, एखाद्या मोठ्या बाईनं लेकराची समजूत काढावी तशी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या सायेब. नका सांगू. आमच्यात बी सांगत न्हाईत."

आणि ती बसली.

तिला सगळं माहीत होतं की नुसतं पोरीच्या जातीनं विचारलं? तिनं त्या माणसाला फाडलं की सोडवलं? आता निवृत्त झाल्यावर मला नव्या मास्तर-मास्तरणींपुढं बोलायला बोलावतात. पडद्यावर रंगीत चित्रं असतात, तीच बाग, तीच फुलं. मी त्यांना एवढंच सांगते, पहिला प्रश्न विचारायच्या आधी तोच प्रश्न त्या पोराला आणखी कोण कोण विचारून गेलंय ते शोधा. पोरं माना डोलावतात, लिहून घेतात. त्यांना पटतं की नाही, मला शंकाच आहे. बिजलीचं पुढं काय झालं, लालकीबद्दल तिच्या घरी कोणी काही दिलं का, ते मला कळलं नाही. पाठ संपला त्या दुपारीच आमची जीप निघाली. ती फाटकापाशी उभी होती. मी हात हलवला. तिनं हलवला नाही.

निकाल लागला. वार्षिक पाठात कॉलेजात सगळ्यांत जास्त गुण मला. मॅडमनी पाठ थोपटली, नसरीननं गळ्यात पडून पेढा भरवला. मी ते गुण मिळवले, की त्या माणसानं आपली मान वर काढण्यासाठी दिले, हा संशय तेव्हाही होता आणि अजूनही आहे. मलकापूरला उतरून घरी गेले तेव्हा बाप ओट्यावर बसला होता. त्यानं ऐकलं, खिशातला फ्यूज चाचपला आणि म्हणाला, "बरं. मामाले निरोप धाडतो, साखरखेर्ड्याले नाई म्हन." बस, एवढंच. माय चुलीपुढं होती. तिनं सवयीनं भांड्यावर झाकण ठेवलं, मग मी आहे असं पाहून काढलं. वांगी भाजल्याचा वास होता. माझ्या तोंडाकडं तिनं बारीक डोळे करून पाहिलं, गिऱ्हाइकानं दिलेली नोट उजेडात धरून पाहायची तसं.

"सगळ्याइतून जास्त?" ती म्हणाली. "काऊन वं? येवढे गुन फुकट कोन देते? काय खाऊ घातलं तुनं त्याले?"

मी मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्याकडं पाहत उभी राहिले.